बंद बाटलीतलं पाणी

४ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचे. सामान चढवताना ट्रकवाल्याने पुस्तकांचं कपाट जिन्याच्या कठड्यावर आपटलं आणि वर मलाच ऐकवलं, की बाई, कपाट जुनंच आहे. मी म्हटलं, जुनी तर मीही आहे, म्हणून काय आपटणार? तो हसला नाही. ट्रकवाले आणि शिक्षणाधिकारी, दोघांनाही विनोदाचं वावडं. बाकी दिवस झकास गेला.

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि नदीच्या बाजूला एक गॅलरी, जिच्यात खुर्ची ठेवली की माणूस मावत नाही. उजेड भरपूर. खिडक्या इतक्या, की चित्र टांगायला भिंत शोधावी लागते. गंमत म्हणजे एकही खिडकी लागत नाही. प्रत्येक झडप उघडून भिंतीला लोखंडी आकड्याने जखडलेली, आणि आकडे रंगाच्या थरांखाली बुजलेले. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, इथे कोणी खिडक्या लावत नाही हो, हवा खेळती हवी. मग थंडीत काय करता? तर म्हणाल्या, दोन पांघरुणं घेतो. बरोबर आहे. उत्तर त्यांचं, गारठणार मी.

ठमी गॅलरीत उभी राहून नदीकडे बघत टाळ्या वाजवत होती. ठमी म्हणजे माझी लेक. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते पूर्ण उच्चारायला तिच्या बापालाही कधी सवड झाली नाही. ती पहिलीत असतानाच तो दुसऱ्या घरी राहायला गेला. आमच्याबरोबर त्याला मोकळेपणी जगता येत नव्हतं म्हणे. आता तिथे मोकळेपणी जुळी सांभाळतो.

ठमी सातवीत आहे आणि तिला जन्मापासून दमा आहे. दोन जिने चढायचे तर मधे बैठक मारते. तिच्यासाठीच इथे आलो. डॉक्टर म्हणाले शहर सोडा, जसं काही शहर म्हणजे सिगारेट. मी बदली मागितली आणि नवल म्हणजे लगेच मिळाली. इथे विज्ञानाचं माणूस टिकत नाही म्हणे.

घरमालकीणबाई पाण्याने भरलेला जग घेऊन वर आल्या. आधी पाणी प्या, मग बोला. आमच्या पाण्यासारखं पाणी कुठे मिळायचं नाही. मी हात जोडले. चहातून जातं तेवढंच पाणी माझ्या पोटात जातं. आणि ठमीला लहानपणापासून उकळलेलंच देते. त्यांनी जग परत नेला, पण असा, जसं काही मी त्यांच्या मुलाला नकार दिलाय.

७ नोव्हेंबर

शाळा स्वच्छ, शिपाई वेळेवर, फळा काळा. इतक्या गोष्टी एका ठिकाणी जुळून आलेल्या माझ्या नोकरीत कधी पाहिल्या नव्हत्या. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण बाकी नाव शोभतं.

आठवीची पोरं गुणी आहेत, फक्त जांभया देतात. मी गुरुत्वाकर्षण शिकवत होते आणि अख्ख्या वर्गातून जांभई फिरत होती, उभ्या पिकातून वारा फिरावा तशी. मी म्हटलं, मला इथून तुमची सकाळची न्याहारी दिसतेय, दुकान बंद करा. त्यांनी निमूट तोंडं मिटली आणि नाकपुड्या फुलवल्या.

वरून पत्रक आलंय. ‘आपलं पाणी आपण तपासू’, शाळाशाळांमधली प्रकल्प स्पर्धा. सोबत तपासणीची पेटी, पट्ट्या, थेंबांच्या बाटल्या, काचेची बुचं. मोठ्या बाई म्हणाल्या, त्यापेक्षा कागदी पिशव्या करा, दरवर्षी करतो, मुलांचा हात बसलाय. मी म्हटलं, पिशवीत विज्ञान कुठलं? तर म्हणाल्या, आधीचे मास्तरही असंच बोलायचे. हुशार होते, पण पाण्याच्याच मागे लागले. मग तब्येत गेली. शेवटी सगळं गाव त्यांच्याकडे बसायला गेलं होतं, इतका जिव्हाळा.

मी पेटी घेऊन वर्गावर गेले.

१३ नोव्हेंबर

आज नदीवर. तीन जागी नमुने घेतले. गावाच्या वर, बंद पडलेल्या रंगकारखान्याच्या भिंतीपाशी. मधे, पंपघराच्या वळणावर. आणि गावाच्या खाली.

वर्गात एक भिंगरी आहे. एका जागी उभी राहत नाही म्हणून भिंगरी. ती सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली. आणि एक ढब्बू आहे, जो काठावरून सूचना देतो. पुढेमागे मंत्री होईल.

कारखान्यापाशी पाणी म्हणजे गटाराची मोठी बहीण. फेस, शेवाळ, वास. पण जाळीत अळ्या आल्या, गोगलगायी आल्या, आणि एक खेकडा आला, तो झोपमोड झालेल्या सासऱ्यासारखा आमच्याकडे बघत होता. थोडक्यात, घाणेरडं पण नांदतं घर. पंपघराच्या वळणावर मात्र पाणी एकदम नितळ होतं. रेघ ओढावी तसं. रेघेच्या अलीकडे फेस, पलीकडे तळातला खडा न् खडा दिसतोय. जाळी पुन्हा पुन्हा ओढली. रिकामी. शेवाळाचा तंतूसुद्धा नाही. गावाखालीही तेच.

मी पोरांना विचारलं, इतक्या स्वच्छ पाण्यात एकही मासा का नाही? ढब्बू म्हणाला, बाई, मासा कशाला पाहिजे, पाणी आहे ना. सगळे हसले. मीही हसले. अशा वेळी विज्ञानाच्या माणसाने हसायचं नसतं.

१८ नोव्हेंबर

पट्ट्यांचे निकाल आले. पंपघरातून नळाला येणाऱ्या पाण्यात दोष काढायलाही जागा नाही. शिसं नाही, रंग नाही, क्षार प्रमाणात. इतकं आदर्श पाणी पुस्तकातच असतं. पोरांनी तक्ता केला, मी खाली सही ठोकली आणि मोठ्या बाईंनी स्वतः स्टुलावर चढून तो फलकावर लावला. येताजाता पालक मान डोलावतात. पोस्टमास्तर रस्त्यात थांबवून म्हणाले, बाई, आम्हाला वाटलं तुम्हीही नाकं मुरडायला आलात. मी म्हटलं, नाक मुरडायला पुरावा लागतो.

घरी ठमी उकळलेल्या पाण्याच्या बाटलीवरून कुरकुरत होती. वर्गातल्या मुली हसतात, पाण्याला पाण्याचीच चव नाही म्हणतात. मी म्हटलं, बरं बाई, पी नळाचं. तुझ्या आईच्या सहीचं पाणी आहे.

२४ नोव्हेंबर

ठमी आज दोन्ही जिने पळत चढली! दारात उभी राहून मला रागावत होती, मी डबा दिला नाही म्हणून. रागावण्याइतका दम तिच्याकडे आजवर कधी नव्हता. एका दमात केवढं ऐकवलं कार्टीने! मी आत जाऊन जरा रडले. पोरीने खोलवर श्वास घ्यावा, एवढंच एक मागणं घेऊन मी इतकी वर्षं जगले. छातीतली शिट्टी पार गेलीय. दम्याचा पंप कपाटात ठेवून दिला.

शाळेत मात्र एक कोडं. पाण्याची आणखी एक परीक्षा असते. एकाच पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या, बुडबुडा न ठेवता. एकीतला प्राणवायू लगेच तपासायचा, दुसरी अंधाऱ्या कपाटात ठेवून पाचव्या दिवशी तपासायची. घाणेरड्या पाण्यातले जीव बंद बाटलीत प्राणवायू खाऊन टाकतात, स्वच्छ पाण्यातला तसाच राहतो. दोन औषधांचे थेंब टाकले की तपकिरी गाळ बसला म्हणजे प्राणवायू आहे, पांढरा बसला म्हणजे संपला.

कारखान्याजवळच्या बाटलीत फिकट तपकिरी. अपेक्षितच. नळाच्या बाटलीत पांढरा. स्वच्छ, दुधासारखा पांढरा. सगळ्या गटांच्या सगळ्या बाटल्यांत. बुचं आत ओढली गेली होती, शिपायालाही निघेनात. आणि कशीबशी उघडल्यावर पाणी राखाडी पडलं, मेलेलं दिसलं. कपाटात मेणबत्ती नेली तर तीही विझली.

पट्ट्या म्हणतात या पाण्यात काही नाही. बाटली म्हणते या पाण्यात कोणीतरी आहे.

२५ नोव्हेंबर

सगळं नीट लिहून ठेवते.

भिंगरीने युक्ती काढली. दोन काचेच्या बरण्या पालथ्या घालू, आत मेणबत्त्या. एका बरणीत नळाच्या पाण्याची वाटी, दुसरीत उकळलेल्या. कोणती आधी विझते बघू. छान डोकं. पण उघड्या खिडक्यांतून वारा येऊन काडीच पेटू देईना. मी शिपायाला आकडे तोडायला लावले आणि खिडक्या लावून घेतल्या. दारही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. भिंगरी म्हणाली, बाई, नको, मोठ्या बाई रागावतील. मी म्हटलं, प्रयोगाला वारा चालत नाही. शिपाई बाहेर सटकला.

नळाच्या पाण्याची बरणी लगेच विझली. मी वर्गाला सांगणार होते, की बघा, हे सिद्ध झालं. तेवढ्यात लक्षात आलं की टेबलावरची तिसरी मेणबत्ती, साधी, उघडी, तीही आडवी पडत होती. वारा नव्हता. ज्योत पोरांकडे झुकली होती.

मी वर पाहिलं. एकही जांभई नव्हती. सगळ्यांनी तोंडं घट्ट मिटली होती, गाल फुगवले होते. ढब्बू जांभळा झाला होता. मी म्हटलं, हा काय चावटपणा? आणि मग पहिल्या बाकावर कोणीतरी श्वास सोडला आणि आत घेतला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी.

ज्योत गेली. माझे पाय गेले.

शुद्धीवर आले तेव्हा व्हरांड्यात होते. भिंगरीने मला पायांना धरून ओढत आणलं होतं. ती रडत होती. म्हणाली, बाई, आम्ही खूप वेळ धरला होता हो. पाहुण्यासमोर खिडकी उघडी ठेवायची आणि खिडकी नसली तर श्वास धरायचा, असं घरी शिकवतात. पण फार वेळ नाही धरता येत.

२६ नोव्हेंबर

वीज गेली होती. संध्याकाळी ठमी अभ्यासाला बसली, मी समोर मेणबत्ती ठेवली.

ज्योत तिच्याकडे झुकली.

मी मेणबत्ती उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. ती तिकडूनही झुकली. ठमी म्हणाली, आई, काय खेळतेस? मी म्हटलं, काही नाही, तुझ्या वहीवर सावली पडत होती.

२८ नोव्हेंबर

पालकसभा. माझ्यासाठीच बोलावलेली. पटांगणात, मोकळ्यावर, तेवढी माणुसकी दाखवली.

बोलत होते सगळे, ऐकत कोणीच नव्हतं. एकाने विचारलं, तक्त्यावर सही तुमची ना? मग आता ही बाटल्यांची भानगड कशाला? ढब्बूची आई म्हणाली, आमच्या घराण्यात कोणी खोकत नाही, तुमच्या शहरात खोकल्याशिवाय कोणी बोलत नाही. मी म्हटलं, मी काही शहरातून खोकला विकायला आले नाही. तेव्हा पोस्टमास्तर उठले. आवाज मऊ. म्हणाले, बाई, पाणी आमचं, पोरं आमची. तुमचं इथे फक्त नाक आहे, ते सांभाळा.

माझा नमुन्याचा खोका त्यांनी खुर्चीखालून काढून माझ्या मांडीवर ठेवला. काल मी प्रयोगशाळेला पाठवला होता तोच. शिक्का सुद्धा मारला नव्हता.

घरी येताना घरमालकीणबाईंनी मला जिन्यातच बसवलं आणि सगळं सांगितलं. भाजीचा भाव सांगावा तसं. पूर्वी कारखान्याचं पाणी लाल, निळं, पिवळं यायचं. घरटी एक तरी पोर छाती धरून गेलं. त्यांचे स्वतःचे दोन. किती अर्ज केले, कोणी आलं नाही. मग एका वर्षी पंपघराच्या वळणावर पाण्याने स्वतःला धुऊन काढलं. काय आलं, कुठून आलं, देव जाणे. ते घाण खातं, आणि घाण खायला त्याला हवा लागते. माणसाच्या अंगात गेलं की छाती साफ करतं आणि तिथेच राहतं. हवा मात्र दुपटी-तिपटीने ओढतं. म्हणून खिडक्या उघड्या, बाकं दूर दूर. आम्हाला एकमेकांचा त्रास नाही. त्रास झालाच तर नव्या माणसाला.

मी म्हटलं, मग सांगत का नाही वर? त्या म्हणाल्या, सांगितलं तर ते काय करतील? पाण्यात औषध टाकतील. ते मरेल. आणि मग ज्यांच्या छातीत ते आहे, त्यांचं काय होईल, हे तुम्ही विज्ञानाच्या बाई मला विचारता?

मी आधीच्या मास्तरांचं विचारलं. त्या उठल्या, पदर झटकला. म्हणाल्या, आम्ही बसायला गेलो होतो, दुपारचे. फार गाढ झोप लागली त्यांना.

३० नोव्हेंबर

ठमीला कालपासून फक्त उकळलेलं. मी दटावून पाजते. कारण विचारते, तर सांगितलं की नळाला गाळ येतोय.

संध्याकाळपासून तिची छाती दुखतेय. पंप दिला. पंपाने काही होत नाही. हा दमा नाही. दमा मला ओळखू येतो, बारा वर्षांचा शेजार आहे आमचा. हे दुसरंच. आतून कोणीतरी मुठीत धरल्यासारखं.

१ डिसेंबर

ओठ निळे. नखं निळी. डोळे माझ्यावर.

घरमालकीणबाई पेला घेऊन दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. नुसता पेला पुढे केला.

मी घेतला. मी पाजला. माझ्या हाताने.

थोड्याच वेळात ती उठून बसली आणि भूक लागली म्हणाली.

३ डिसेंबर

इथून निघायचं ठरवलं. डबे भरून पाणी बरोबर न्यावं म्हणून एक भरून ठेवला होता. आज उघडला. राखाडी. बाटलीतल्यासारखंच, बंद झालं की स्वतःची हवा खाऊन मरतं. नदीपासून दूर नेता येत नाही. म्हणजे ठमीलाही नाही.

मग मीच प्यायले. पेल्यामागून पेला, मग नळालाच तोंड लावून. दोघी एकसारख्या होऊ, मग हवेवरून भांडण नाही. पोट दुखलं, उलटी झाली, बाकी काही नाही. मेणबत्ती माझ्यासमोर सरळ उभी.

घरमालकीणबाई म्हणाल्या, या वयात ते धरत नाही हो. मास्तरही शेवटी घटाघटा प्यायले होते. भाजल्या मडक्याला कुठे आकार देता येतो? मग जरा मायेने म्हणाल्या, की तुम्ही जा, पोर मी सांभाळीन, माझे दोन गेलेच आहेत.

ठमी आत गात होती. तिला गाता येतं हे मला माहीतच नव्हतं.

मी म्हटलं, मी कुठेही जाणार नाही.

५ डिसेंबर

तह झाला. स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत. मी पट्ट्यांचा तक्ता दाखवायचा, बाटल्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. गाव खिडक्या उघड्या ठेवील. मोठ्या बाई म्हणाल्या, तुमची मुलगी आता आमची आहे, म्हणजे तुम्हीही निम्म्या आमच्या. अशी अर्धवट नाती मी आधीही निभावली आहेत.

मी गॅलरीच्या दारात झोपते. ठमी आतल्या खोलीत. तिने विचारलं, आई, तू माझ्याजवळ का झोपत नाहीस? मी म्हटलं, मला उकडतं. बाहेर पाण्यावर धुकं होतं. तिने दुसरं पांघरूण माझ्या पायाशी आणून ठेवलं.

भिंगरी म्हणते, तिला सांगा बाई, श्वास धरायला शिकवा, सोपं असतं. सोपं! बारा वर्षं जिला श्वास घे, श्वास घे म्हणत आले, तिला आता सांगू, की माझ्यासमोर घेऊ नकोस? तुझ्या श्वासाने आई मरेल?

उद्या सांगेन.

८ डिसेंबर

परीक्षक आले. सूट, पोट, रुमाल. मी तक्त्यापुढे उभी राहून खोटं बोलले, खणखणीत. मोठ्या बाई मागे उभ्या राहून प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. संपतच आलं होतं.

तेवढ्यात परीक्षकांनी ढब्बूला विचारलं, काय रे, तू काय शिकलास? आणि ढब्बू फुलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी विचारलं होतं. म्हणाला, सर, गंमत दाखवू? मेणबत्ती पेटवली, लांब धरली, आणि नुसता श्वास आत ओढला. ज्योत त्याच्या तोंडाकडे झोपली आणि विझली. वर म्हणाला, सर, आमच्या पाण्यात आहे हे. बाईंनी बाटलीत पकडलंय.

परीक्षक पोट धरून हसले. म्हणाले, वा, जादूचे प्रयोग पण घेता वाटतं! आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस लिहिलं आणि निघून गेले. बाटल्यांकडे पाहिलंही नाही.

पण मोठ्या बाई हसल्या नाहीत. मी म्हटलं, मी शिकवलं नव्हतं त्याला, शपथ. त्या म्हणाल्या, आज हसले ते. उद्या घरी जाऊन आठवेल त्यांना. मग म्हणाल्या, येऊ एकदा तुमच्याकडे बसायला.

९ डिसेंबर

सकाळी सुतार आला. आकडे तोडले. खिडक्या लावल्या. खिळे ठोकले. गॅलरीच्या दारालाही. मी आडवी गेले तर त्याने मला हळूच बाजूला केलं, टेबल सरकवावं तसं. म्हणाला, बाई, थंडी फार पडणार आहे म्हणे.

घरमालकीणबाई वर आल्या नाहीत.

ठमी शाळेत आहे. अजून सांगितलं नाही. आज सांगायचंच. तिला नीट समजावलं तर— हुशार आहे ती— पण मग ती जन्मभर प्रत्येक खोलीत शिरताना—

१० डिसेंबर. दुपार

रात्र जिन्याचं दार उघडं ठेवून उंबऱ्यातच काढली.

आले. चपला बाहेर काढून, एकेक करून, या बसा म्हणायच्या आतच. मोठ्या बाई, पोस्टमास्तर, सुतार, ढब्बूची आई. घरमालकीणबाई सगळ्यांच्या मागे. बाकीचे जिन्यात. दार लावलं. तब्येत कशी म्हणून पोस्टमास्तरांनी विचारलं, तेवढंच.

मी लिहितेय. बोलण्यात श्वास जातो. लिहिण्यात कमी.

डोकं ठणकतंय. घरमालकीणबाईंनी तोंड मिटलंय, गाल फुगवलेत. डोळे भरलेत. तेवढाच एक पाहुणचार— पण त्याही किती वेळ—

कागद पांढरा काळा होतोय

ठमी आली

काय ओरडली! आईला बरं नाही दिसत नाही का, निघा म्हणाली, सगळे निघा, आत्ताच्या आत्ता. एका दमात. पोस्टमास्तरांचा हात धरून उठवलं तिने. गेले. सगळे गेले. मोठ्या बाई जाताना वळून ठमीकडे पाहून हसल्या.

तिने दार लावून घेतलं. कडी घातली. परत कोणी यायला नको म्हणाली. पाठीमागे जिन्यात पावलं थांबलीत, उतरली नाहीत. दार उघडलं तर तेच. खिडक्यांना खिळे.

ती माझ्याजवळ येऊन बसलीय. हात गळ्यात. आई, मी आहे ना, म्हणतेय. जोरजोरात धापा टाकतेय, रागाने. केवढा मोठा श्वास माझ्या पोरीचा

लांब हो म्हणायचं. आतल्या खोलीत जा, दार लाव. एवढंच. म्हटलं की ती विचारेल का. मग सांगावं

तिने डोकं माझ्या छातीवर ठेवलंय. किती दिवसांनी

विचारतेय, आई, आता बरं वाटतंय ना

मान हलवली मी. हो म्हट